आरोग्याचा शोध करणारा वैद्य : सर रॉबर्ट मॅक्कॅरिसन

वैद्याचें नांव निघालें कीं आपल्या डोळ्यांपुढें रोगी येतो, औषधाची बाटली येते आणि तिच्यांतील कडू घोट आठवतो. रोग कशानें होतो व कशानें जातो, या दोन प्रश्नांचीं उत्तरें शोधण्यांत थोर थोर वैद्यांचीं आयुष्यें खर्ची पडलीं आहेत, आणि त्यांचे उपकार मनुष्यजातीनें कधींहि विसरूं नयेत. परंतु ज्यांचें चरित्र आज वाचकांपुढें ठेवावयाचें आहे, त्या सर रॉबर्ट मॅक्कॅरिसन यांनीं एक निराळाच प्रश्न मनाशीं धरिला होता. जीं माणसें सहसा आजारी पडत नाहींत, तीं निरोगी कां राहतात? हा प्रश्न त्यांना हिंदुस्थानच्या उत्तर सीमेवरील डोंगरांत सुचला आणि त्याचें उत्तर त्यांना दक्षिणेंत निलगिरीच्या माथ्यावर सांपडलें. त्या उत्तराचा संबंध आपल्या रोजच्या ताटाशीं असल्यामुळें तें विद्यार्थ्यांइतकेंच त्यांच्या मातापित्यांनींहि ऐकण्यासारखें आहे.

रॉबर्ट मॅक्कॅरिसन यांचा जन्म आयर्लंडच्या उत्तर भागांतील पोर्टाडाउन या गांवीं १५ मार्च १८७८ रोजीं झाला. बेलफास्ट येथील क्वीन्स कॉलेजांत त्यांनीं वैद्यकाचा अभ्यास केला आणि १९०० सालीं उत्तम प्रकारें पदवी मिळविली. पुढच्याच वर्षीं इंडियन मेडिकल सर्व्हिस या सरकारी वैद्यक खात्यांत प्रवेश करून ते हिंदुस्थानांत आले. त्या वेळीं त्यांचें वय अवघें २३ वर्षांचें होतें.

त्यांची नेमणूक त्या काळच्या वायव्य सरहद्दीवरील चित्रळ येथें झाली. तेथील पलटणींत उन्हाळ्यामध्यें एक चमत्कारिक ताप येई. तीन दिवस अंग ठणके, डोकें दुखे, आणि मग ताप आपोआप उतरे. दुसरा एखादा तरुण अधिकारी असता तर आपोआप बरा होणारा ताप म्हणून त्यानें तिकडे दुर्लक्ष केलें असतें. मॅक्कॅरिसन यांनीं त्याचीं लक्षणें बारकाईनें टिपलीं आणि तो ताप वाळूमाशीच्या दंशानें येत असावा असें अनुमान बांधलें. पुढें इतर संशोधकांनीं तें अनुमान प्रयोगानें खरें ठरविलें. जें सर्वांच्या डोळ्यांसमोर असूनहि कोणी नीट पाहत नाहीं, तें पाहण्याची त्यांची संवय येथेंच प्रथम दिसून आली.

१९०४ पासून १९११ पर्यंत ते गिलगिट येथें सर्जन होते. तेथील कांहीं खेड्यांत गळ्याला मोठी गांठ येण्याचा रोग, म्हणजे गलगंड, फार होता. हीं खेडीं ओढ्याच्या कांठानें एकाखालीं एक अशीं वसलेलीं होतीं. वरच्या खेड्याची घाण पोटांत घेऊन तोच ओढा खालच्या खेड्यास पिण्याचें पाणी पुरवी. जसजसें खालीं जावें तसतसे गलगंडाचे रोगी अधिक आढळत. मॅक्कॅरिसन यांनीं त्या पाण्यांतील गाळ वेगळा काढला आणि तो स्वतः व कांहीं स्वयंसेवकांनीं रोज घ्यावा असा प्रयोग आरंभिला. दुसऱ्या कांहीं जणांना तोच गाळ उकळून देण्यांत आला. उकळलेला गाळ घेणारे सुखरूप राहिले. न उकळलेला गाळ घेणाऱ्यांपैकीं कांहींचा गळा सुजूं लागला आणि त्यांत स्वतः मॅक्कॅरिसनहि होते. त्यावरून अशुद्ध पाणी हेंच या रोगाचें मूळ असें त्यांनीं मानिलें. आज आपण जाणतों कीं गलगंडाचें मुख्य कारण अन्नपाण्यांतील आयोडीनची उणीव हें आहे, व म्हणूनच मिठांत आयोडीन मिसळण्यांत येतें. त्यांचा निष्कर्ष अपुरा होता हें खरें. तथापि दुसऱ्यास पाजण्यापूर्वीं तो घोट आपण प्यावयाचा, हा त्यांचा बाणा मात्र कधींच जुना होणार नाहीं.

गिलगिटच्या उत्तरेस हुंझा नांवाचें एक लहानसें डोंगरी राज्य होतें. तेथील लोकहि उपचारासाठीं याच वैद्याकडे येत. कोणाचें हाड मोडलेलें असे, कोणाच्या डोळ्यांत मोतीबिंदु झालेला असे, कोणाच्या पापण्या सुजलेल्या असत. परंतु पोटाचे जे जुनाट विकार युरोपांतील शहरांत घरोघर दिसत, अन्न न पचणें, जठरांत व्रण होणें, आंत्रपुच्छ सुजणें, ते हुंझाच्या लोकांत मॅक्कॅरिसन यांना आढळले नाहींत. हे लोक चपळ, काटक आणि दीर्घ पल्ल्याच्या चालीत तरबेज होते. त्यांच्याजवळ ना दवाखाना होता, ना औषध. डोंगराच्या उतारावर दगडी बांध घालून त्यांनीं पायऱ्यांसारखीं शेतें केलीं होतीं आणि बर्फ वितळून आलेलें पाणी पाटांनीं त्यांत खेळविलें होतें. गहूं, जव व बाजरीसारखीं धान्यें, भाजीपाला, दूध, ताक, ताजे व वाळविलेले जर्दाळू आणि क्वचित् प्रसंगीं मांस, एवढेंच त्यांचें अन्न. साखर व डब्यांतील पदार्थ तेथवर पोंचलेच नव्हते. या लोकांना पाहून तरुण वैद्याच्या मनांत तो प्रश्न उभा राहिला. त्यांचें आरोग्य हवेचें फळ, रक्ताचें फळ, कीं अन्नाचें फळ?

हुंझाविषयीं पुढें अनेक अतिशयोक्तीच्या कथा पसरल्या. तेथील माणसें शंभरीच्या पलीकडे सहज जगतात, त्यांना रोग म्हणून ठाऊकच नाहीं, असें लिहिलें गेलें. नंतर तेथें जाऊन राहिलेल्या निरीक्षकांना तेथेंहि आजार आढळले, आणि जुनें धान्य संपून नवें हातीं येईपर्यंतचे वसंतांतील उपासमारीचे दिवसहि आढळले. म्हणून मॅक्कॅरिसन यांची खरी थोरवी हुंझाच्या वर्णनांत शोधूं नये. नजरेस जें दिसलें त्यावर विसंबून न राहतां तें त्यांनीं प्रयोगाच्या कसोटीस लाविलें, यांत ती आहे.

या कसोटीची संधि येण्यास बरींच वर्षें जावीं लागलीं. १९१३ सालीं कसौली येथील संशोधन संस्थेंत त्यांची बदली झाली. इतक्यांत पहिलें महायुद्ध पेटलें आणि त्यांना लष्करी कामावर जावें लागलें. १९१८ सालीं ते निलगिरी पर्वतांतील कुन्नूर येथें आले. तेथील पाश्चर इन्स्टिट्यूटमध्यें मिळालेल्या तुटपुंज्या जागेंत व अगदीं थोड्या मदतनीसांसह त्यांनीं आहाराच्या संशोधनास आरंभ केला.

त्या काळीं बेरीबेरी नांवाचा रोग पूर्वेकडील देशांत हजारों लोकांचे बळी घेत होता. या रोगांत पाय लुळे पडतात, अंगावर सूज येते आणि शेवटीं हृदय थकतें. आइकमन या डच वैद्यानें जावा बेटांत कोंबड्यांवर प्रयोग करून दाखविलें होतें कीं गिरणींत सडून पांढरा शुभ्र केलेला तांदूळच केवळ खाल्ला असतां हा रोग होतो, आणि तांदळावरचा तांबूस कोंडा खाऊं घातला असतां तो बरा होतो. त्या कोंड्यांत जें जीवनसत्त्व असतें तेंच गिरणी काढून टाकते. मॅक्कॅरिसन यांनीं कबुतरांवर व माकडांवर तांदळाचे असेच प्रयोग केले व त्यांचीं शरीरें आंतून तपासलीं. निकृष्ट अन्नावर ठेविलेल्या माकडांचीं आंतडीं बिघडलीं, त्यांना आंव पडूं लागली. त्याच आवारांत, पण चांगल्या अन्नावर वाढलेलीं माकडें मात्र निरोगी राहिलीं. यावरून एक मोठी गोष्ट उघड झाली. रोगजंतु सर्वांच्याच भोंवतीं असतात, पण ज्याच्या शरीराची भिंत अन्नाच्या उणिवेनें पोखरलेली असते त्याच्या घरांत ते आधीं शिरतात. १९२१ सालीं त्यांनीं हें सर्व संशोधन ग्रंथरूपानें प्रसिद्ध केलें.

येथें कोंकण व गोमंतक यांतील वाचकांना एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. आपल्या देशांत बेरीबेरीचा उपद्रव मुख्यतः आंध्राच्या किनारी भागांत होता. तेथें न उकडलेला, गिरणींत सडलेला तांदूळ खात. जेथें उकडा तांदूळ खात तेथें हा रोग सहसा दिसत नसे. भात उकडतांना कोंड्यांतील जीवनसत्त्व दाण्याच्या आंत मुरतें, व मग सडल्यानंतरहि त्याचा बराच अंश शिल्लक राहतो. ज्या आजीबाईंनीं अंगणांतल्या चुलीवर भात उकडला, त्यांना जीवनसत्त्व हा शब्द ठाऊक नव्हता. पण त्यांच्या हातून पिढ्यान् पिढ्या मुलांचें रक्षण होत होतें.

१९२३ सालीं सरकारनें खर्चांत काटकसर आरंभिली आणि कुन्नूरचें हें संशोधन बंद पडलें. अन्नाचा अभ्यास हें त्या वेळच्या अधिकाऱ्यांना चैनीचें काम वाटलें असावें. मॅक्कॅरिसन यांनीं धीर सोडला नाहीं. १९२५ सालीं तें काम पुन्हां सुरू झालें, आणि पुढें त्याचें आहार-संशोधन प्रयोगशाळेंत रूपांतर होऊन मॅक्कॅरिसन तिचे पहिले संचालक झाले. याच अवधींत, १९२६ सालीं, शेतकीच्या चौकशीसाठीं नेमलेल्या रॉयल कमिशनपुढें त्यांनीं एक लेखी निवेदन ठेविलें. हिंदी जनतेच्या दुर्बळपणाचें व रोगराईचें एक मोठें कारण तिचें अपुरें व सदोष अन्न हें आहे, असें त्यांत त्यांनीं निर्भीडपणें दाखवून दिलें.

आतां त्यांच्या सर्वांत प्रसिद्ध प्रयोगाकडे वळूं. उंदराचें आयुष्य थोडें असतें. मनुष्याच्या कित्येक वर्षांची वाढ तो कांहीं महिन्यांत पुरी करितो. म्हणून मॅक्कॅरिसन यांनीं पांढऱ्या उंदरांची मोठी वसाहत पाळली. त्यांच्या अनुभवानें हिंदुस्थानांतील ज्या लोकांची अंगकाठी उत्तम होती, त्या पंजाबांतील शिखांचा आहार त्यांनीं या उंदरांसाठीं निवडला. न चाळलेल्या गव्हाच्या पिठाच्या, थोडें ताजें लोणी लावलेल्या पोळ्या, मोड आलेले हरभरे, कोबी व गाजरें यांसारख्या कच्च्या ताज्या भाज्या, दूध, पाणी आणि आठवड्यांतून एकदां हाडासह थोडें मांस. त्यांचे पिंजरे स्वच्छ असत आणि हवा व ऊन त्यांना भरपूर मिळे. अशा एक हजारांहून अधिक उंदरांवर त्यांनीं सव्वादोन वर्षें नजर ठेविली. या अवधींत प्रौढ उंदरांमध्यें आजार म्हणून दिसला नाहीं, रोगानें कोणी मेला नाहीं, आणि अपघात वगळतां पिल्लेंहि दगावलीं नाहींत. दुसऱ्या बाजूस दोन हजारांहून अधिक उंदरांना निरनिराळें सदोष अन्न देण्यांत आलें. स्वच्छता, हवा व ऊन यांत कांहींच फरक केला नव्हता. तरीहि त्यांच्यांत फुप्फुसांचे, पोटाचे, डोळ्यांचे, कातडीचे व मूत्रपिंडांचे विकार झाले. दोहोंमध्यें अंतर होतें तें फक्त अन्नाचें.

त्यानंतर त्यांनीं आपल्या देशांतील सात निरनिराळ्या लोकांचे आहार उंदरांच्या सात टोळ्यांना दिले आणि ठराविक मुदतीनंतर त्यांचीं वजनें घेतलीं. शिखांच्या आहारावरील उंदरांचें सरासरी वजन २३५ ग्रॅम भरलें, पठाणांच्या आहारावरील २३०, आणि मराठ्यांच्या आहारावरील २२५. त्यांच्या मागें गुरख्यांचा आहार २०० ग्रॅमवर, कानडी लोकांचा १८५ वर आणि बंगाली लोकांचा १८० वर होता. सर्वांत शेवटीं मद्रासी आहार आला. त्याचें वजन अवघें १५५ ग्रॅम. आपल्या मराठी ताटाचा क्रमांक असा वर लागलेला पाहून कोणास अभिमान वाटला तर नवल नाहीं. पण या आंकड्यांतील खरा धडा निराळा आहे. हे सातहि आहार त्या त्या प्रांताचे परंपरागतच आहार होते. म्हणजे जुनें तेवढें सोनें असें या प्रयोगानें सिद्ध झालें नाहीं. ज्या ताटांत कोंड्यासह दळलेलें धान्य, दूध किंवा ताक, डाळ आणि हिरवा भाजीपाला होता, तें ताट वर आलें. ज्यांत सडलेल्या तांदळाचा ढीग आणि त्याच्या कडेला नांवापुरतें दूध व भाजी होती, तें खालीं गेलें. त्या ढिगामागें पुष्कळदां दारिद्र्यच होतें, आणि दारिद्र्याचा दोष कोणत्याहि प्रांताच्या माथीं मारतां येत नाहीं.

मॅक्कॅरिसन यांनीं आपल्या स्वतःच्या देशबांधवांनाहि या तराजूंतून सोडलें नाहीं. इंग्लंडांतील गरीब मजूर जें खात, पांढरा पाव, कृत्रिम लोणी, डब्यांतील मांस, सोडा घालून शिजविलेली भाजी, मुरंबा आणि साखर व थोडें दूध घातलेला चहा, तें त्यांनीं उंदरांच्या एका टोळीस दिलें. शेजारच्या टोळीस शिखांचा आहार दिला. पहिल्या टोळींतील उंदीर खुजे व बेढब झाले. ते चिडखोर बनले, सेवकांना चावूं लागले, आणि साठाव्या दिवसाच्या सुमारास त्यांनीं आपल्यांतील दुबळ्यांना मारून खाण्यास सुरुवात केली. शेजारची टोळी मात्र गुण्यागोविंदानें नांदत होती. राज्य करणाऱ्यांचें अन्न हेंच श्रेष्ठ, अशी समजूत ज्या काळांत सर्वत्र रूढ होती, त्या काळांत राज्यकर्त्यांच्याच एका अधिकाऱ्यानें हें सत्य उघडपणें मांडिलें.

धान्य चांगलें निपजावें तर जमीन चांगली पाहिजे, हेंहि त्यांनीं ओळखिलें होतें. शेणखतावर व रासायनिक खतावर पिकविलेल्या धान्याची त्यांनीं तुलना केली, आणि शेणखताचें धान्य अधिक पोषक असल्याचें त्यांना आढळलें. या मताविषयीं शास्त्रज्ञांत अजून वाद आहे. पण माती, धान्य, जनावर आणि माणूस ही एकच सांखळी आहे, हा त्यांचा विचार पुढें पुष्कळांना मार्गदर्शक झाला.

एवढा मोठा संशोधक, परंतु त्यांनीं आपली विद्या पंडितांच्या ग्रंथांत कोंडून ठेविली नाहीं. १९२८ सालीं त्यांनीं अन्नाविषयीं एक लहानसें सोपें पुस्तक लिहिलें, आणि तें मुद्दाम शाळा-कॉलेजांतील विद्यार्थ्यांसाठीं लिहिलें. उद्यांचें घर आजच्या मुलामुलींच्या हातीं जावयाचें आहे, आणि घराचें आरोग्य दवाखान्यापेक्षां चुलीवर अधिक अवलंबून आहे, हें ते जाणून होते.

१९३३ सालीं त्यांना सर हा किताब मिळाला. १९३५ सालीं ते चाकरींतून निवृत्त होऊन स्वदेशीं गेले. दुसऱ्या वर्षीं लंडन येथें आहार आणि राष्ट्राचें आरोग्य या विषयावर त्यांनीं तीन व्याख्यानें दिलीं. आपल्या जन्माच्या परिश्रमांचें सार त्यांत त्यांनीं सांठविलें आहे. पुढें ऑक्सफर्ड येथें पदवीधर डॉक्टरांच्या पुढील शिक्षणाची व्यवस्था त्यांनीं १९४५ पासून दहा वर्षें पाहिली, आणि १८ मे १९६० रोजीं, वयाच्या ८३ व्या वर्षीं, त्यांनीं इहलोकची यात्रा संपविली. कुन्नूरच्या त्या तुटपुंज्या जागेंत लावलेलें रोप मात्र वाढतच गेलें. १९५८ सालीं ती प्रयोगशाळा हैदराबाद येथें हलविण्यांत आली, आणि आज ती राष्ट्रीय पोषण संस्था या नांवानें प्रसिद्ध आहे.

उंदीर म्हणजे माणूस नव्हे, हें मॅक्कॅरिसन यांच्या प्रयोगांसंबंधीं आपण विसरूं नये. चांगल्या अन्नानें प्रत्येक रोग टळतो असेंहि नाहीं. देवीसारखा रोग लस टोंचूनच पृथ्वीवरून नाहींसा झाला, आणि आजाऱ्यास डॉक्टरकडे न नेतां नुसती भाजी-भाकरी खाऊं घालणें हें शहाणपणाचें लक्षण नव्हे. अन्न हा आरोग्याचा पाया आहे. पायावर भिंती व छप्पर उभारावेंच लागतें. पण पाया कच्चा असेल तर छपराचा काय उपयोग?

विद्यार्थिमित्रहो, या थोर पुरुषाच्या चरित्रापासून आपण काय घ्यावयाचें? मधल्या सुटींत डबे उघडतात तेव्हां असें दिसतें कीं ज्याच्या डब्यांत ज्वारीची भाकरी व पालेभाजी असते तो झांकण अर्धेंच उघडतो, आणि ज्याच्या डब्यांत मैद्याचीं बिस्किटें किंवा रंगीत वेष्टनांतील तळलेले पदार्थ असतात तो डबा सर्वांपुढें मिरवितो. ज्या वैद्यानें आपलें अर्धें आयुष्य अन्नाच्या परीक्षेंत घालविलें, त्याच्या तराजूंत यांतला कोणता डबा जड भरला असता, हें आतां आपणांस सांगावयास नको. भाकरीची लाज वाटण्याचें कांहींच कारण नाहीं. तिचें पीठ कोंड्यासह दळलेलें असतें व ती ताजी भाजलेली असते. तिच्या जोडीला मटकीची उसळ, मेथी किंवा अंबाडीची भाजी, मूठभर शेंगदाणे, एखादें पेरू-आंवळ्यासारखें फळ आणि पेलाभर ताक असलें, म्हणजे त्या ताटांत मोठ्या खर्चाचें कांहीं नसूनहि उणें फार थोडें राहतें.

आणि मातापित्यांना एवढीच नम्र विनंती कीं लेंकरांच्या हट्टास्तव पैसे खर्चून घरांतील चांगलें अन्न बाहेर काढूं नये. पूर्वीं साखर व मैदा यांची चैन थोड्यांनाच परवडे. आज ती गल्लीच्या कोपऱ्यावर चार पैशांत मिळते, आणि तिच्या पाठोपाठ मधुमेहासारखे रोग तरुण वयांतच घरांत येत आहेत. मुलांना खेळूं द्यावें, उन्हांत हिंडूं द्यावें, वेळेवर झोपूं द्यावें, आणि कडकडून भूक लागल्यावर घरचें ताजें अन्न पोटभर खाऊं द्यावें. ज्या प्रश्नासाठीं मॅक्कॅरिसन यांनीं डोंगर पालथे घातले, त्याचें उत्तर आपल्या फळीवरच्या पिठाच्या डब्यांत आणि परसांतल्या भाजीच्या वाफ्यांत पडलेलें आहे. तें हातीं घेणें न घेणें आपल्याच स्वाधीन आहे.